घूंऽऽ आणि तिसरी पिन

इलेक्ट्रिक गिटारमधून येणारा पहिला आवाज गिटारचा नसतोच. अ‍ॅम्प चालू करायचा, आवाजाचं बटण थोडं फिरवायचं, आणि तारेला बोट लागायच्या आत स्पीकरमधून खालच्या पट्टीत घूंऽऽ सुरू होते. इंग्रजीत हिला 'हम' म्हणतात. पण मराठीत मधेच 'हम' लिहिलं की हिंदी सुरू झालं की काय असं वाटतं, म्हणून मी आपला सरळ 'घूं' म्हणणार आहे.

या घूंच्या मागे लागलेल्या माणसांचे दोन इतिहास आहेत. एक हुशारीचा आहे आणि गिटारवाले तो अभिमानाने सांगतात. दुसरा एका पिनचा आहे. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि त्यात माणसं मेली आहेत. आज दोन्ही सांगतो.

आधी थोडं ती येते कुठून याबद्दल. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, अमेरिकेतली ६०. भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइटचे चोक, ट्रान्सफॉर्मर, सगळे आपापल्या परीने हाच एक सूर आसमंतात सोडत असतात. कान लावून ऐकलंत तर गंमत कळेल. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं की ९८ हर्ट्झचा 'जी' मिळतो. आपल्या विजेची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ, त्याच्या किंचित वर पडते. ५० हर्ट्झ हा तोच सूर, एक सप्तक खाली. म्हणजे भारतातला प्रत्येक घुमणारा अ‍ॅम्प 'जी'च्या जरासा वर गातो, आणि अमेरिकेतला 'बी फ्लॅट' आणि 'बी'च्या बरोब्बर मधे अडकलेला असतो. सगळ्यात मजा जपानची. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मनीच्या एईजीकडून ५० हर्ट्झची जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ६० हर्ट्झची, आणि तो देश आजतागायत या बाबतीत दोन तुकड्यांत आहे. टोकियोतला बँड ओसाकाला गेला की अ‍ॅम्पची पट्टीच बदलते! (लेगसी सिस्टिम म्हणजे काय हे नवीन पोराला समजवायचं असेल तर मी हल्ली हेच उदाहरण देतो.)

तर, गिटार. १९३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशँपची 'फ्राइंग पॅन' बाजारात आली. गोल बूड, लांब दांडा, अक्षरशः तव्यासारखी दिसणारी ही अ‍ॅल्युमिनियमची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. पुढे ज्या कंपनीला रिकनबॅकर म्हणून जग ओळखू लागलं, तिचं हे पहिलं वाद्य. तारांखाली चुंबक, चुंबकाजवळ बारीक तांब्याच्या तारेची कॉइल. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, बाकी काही नाही. याला पिकअप म्हणतात.

घोळ असा की कॉइलला कुणी सांगितलेलं नसतं, की बाई गं, फक्त तारेचंच ऐक. हजारो वेढ्यांची कॉइल म्हणजे उत्तम अँटेना. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं बदलतं चुंबकीय क्षेत्रही ती तितक्याच निष्ठेने पकडते आणि अ‍ॅम्प ते शेकडो पटींनी मोठं करून तुमच्या तोंडावर फेकतो. म्हणजे ज्या क्षणी गिटार इलेक्ट्रिक झाली त्याच क्षणी तिला घूं चिकटली. हा नंतर शिरलेला बग नव्हे, डिझाइनमध्येच बसलेला आहे.

त्या काळातले अ‍ॅम्प स्वतःही कमी घुमत नसत. स्पीकरमध्ये कायमचा चुंबक घालण्याऐवजी मोठी कॉइल असे, तिच्यातून वीज सोडून चुंबक तयार करायचा. त्या विजेतच चढउतार असले की स्पीकर आपसूक घुमायचा. त्यावर उपाय म्हणून लोक स्पीकरमध्ये आणखी एक छोटी कॉइल उलट जोडत. जितकी घूं एका बाजूने येईल, तितकीच दुसरीकडून उलटी येऊ द्यायची, दोघी एकमेकींना खातील! मायक्रोफोनसाठी हीच युक्ती १९३४ मध्ये इलेक्ट्रो-व्हॉइस या अमेरिकन कंपनीने केली. त्याच्या कितीतरी आधी, १८८१ मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून घ्यायचं पेटंट घेतलं होतं, तेही याच जातकुळीचं. दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच येतो, मग फरक तेवढा वाचायचा. ऑफिसमध्ये टेबलाखाली जी लॅन केबल लाथेने बाजूला सारता ना, तिच्या पोटात आजही तेच पीळ आहेत.

आता ही युक्ती गिटारपर्यंत पोचायला विसाव्या शतकाचं अर्धं सरावं लागलं, हे मला जरा चमत्कारिकच वाटतं. मधल्या काळात फेंडरची टेलिकास्टर आली (आधी ब्रॉडकास्टर नावाने, १९५० मध्ये), १९५२ मध्ये गिब्सनची लेस पॉल आली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. सगळ्या एका कॉइलच्या, सगळ्या घुमणाऱ्या. लोक चालवून घेत होते. निऑनच्या पाट्यांखाली, क्लबमधल्या दिव्यांच्या डिमरशेजारी उभं राहून वाजवायचं आणि घूं कमी होईल त्या कोनात अंग वळवून घ्यायचं.

सेथ लव्हर हा मिशिगनमधल्या कालामाझूचा माणूस. गिब्सनचा कारखानाही तिथलाच. हा मुळात रेडिओवाला, नौदलात इलेक्ट्रॉनिक्स केलेला, आणि गिब्सनमध्ये त्याचं काम बरंचसं अ‍ॅम्पचं. एका अ‍ॅम्पमध्ये त्याने घूं मारायला दोन उलट कॉइलचा चोक वापरला होता. मग त्याच्या डोक्यात आलं, की चोक असा करता येतो तर पिकअप का नाही? दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या, एकमेकींच्या उलट जोडायच्या. बाहेरून आलेली घूं दोघींत सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे वजा होऊन शून्याला टेकते. पण मग तारेचा आवाजही वजा होईल की! तर तिथे खरी खुबी आहे. दोन कॉइलमधले चुंबकांचे ध्रुवही उलटे ठेवायचे. तारेचा आवाज चुंबकावर अवलंबून असतो, त्यामुळे तो दोनदा उलटून सुलटा होतो आणि बेरजेत जातो. घूंला चुंबकाशी काही देणंघेणं नसतं, ती एकदाच उलटते आणि मरते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागदावर चार खुणा काढून बघितल्या, अधिक-उणे, उणे-अधिक, आणि नंतर बराच वेळ त्या कागदाकडे नुसता बघत बसलो होतो. इतकी छोटी, इतकी पुरेपूर कल्पना इंजिनिअरच्या आयुष्यात एकदा सुचली तरी बस.

पेटंटचा अर्ज जून १९५५ मध्ये गेला. १९५७ पासून हे पिकअप लेस पॉलमध्ये बसू लागले. नाव हंबकर, म्हणजे घूंशी टक्कर घेणारा. त्याच सुमारास इलिनॉयमधल्या कैरो नावाच्या गावात रे बट्स नावाचा दुकानदार-इंजिनिअर गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सच्या घूंच्या तक्रारीवर अगदी असाच तोडगा काढत होता. तो ग्रेच कंपनीच्या गिटारींत 'फिल्टरट्रॉन' नावाने १९५७ मध्येच आला. दोघांनाही पेटंट मिळालं ते १९५९ च्या उन्हाळ्यात. दोन माणसं, दोन गावं, एकच उत्तर.

आणि ऑफिस तेव्हाही ऑफिसच होतं बरं का. लव्हरच्या मूळ रचनेत वर फिरवायचे स्क्रू नव्हते. ते आले विक्रीवाल्यांच्या आग्रहाने, दुकानदारांशी बोलायला काहीतरी हवं म्हणून. पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असं लेबल लावत, ते पेटंट मिळून गेल्यावरही काही वर्षं तसंच लागत राहिलं. मग लेबलवर एकदाचा नंबर आला तो २,७३७,८४२. हा नंबर हंबकरचा नव्हेच! तो लेस पॉलच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा. स्पर्धकांनी पेटंट ऑफिसातून भलताच कागद मागवावा म्हणून मुद्दाम केलं, असं काहीजण म्हणतात. मला विचाराल तर कुणीतरी जुन्या लेबलवरून कॉपी-पेस्ट केलं असणार. :)

असो. हा झाला हुशारीचा इतिहास. पण हंबकर मारतो ती फक्त गिटारमध्ये शिरणारी घूं. अ‍ॅम्पच्या पोटात जन्मलेलीचं तो काहीही करू शकत नाही.

माझ्याकडे एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आहे, ऑर्केस्ट्रात वाजवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून घेतलेला. मागच्या पावसाळ्यात तो असा काही घुमायला लागला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पाण्याची मोटर चालू राहिलीय का म्हणून विचारलं. मी तो घेऊन रेडिओ दुरुस्तीत उभं आयुष्य घालवलेल्या एका काकांकडे गेलो. मी गिटार, केबल, घरचं वायरिंग असं सगळं सांगायला लागलो तर ते म्हणाले, "साहेब, आधी गिटार उपटा, मग बोला." गिटार काढली. घूं तशीच. आवाजाचं बटण शून्यावर नेलं. तरी तशीच. काका पुढच्या बाजूचा एकेक व्हॉल्व्ह काढत गेले, तरी तिला ढिम्म फरक पडला नाही. म्हणजे रोग सगळ्यात शेवटच्या टप्प्यात, नाहीतर वीजपुरवठ्यात. आपण कोडमध्ये अर्धं अर्धं कापत बग शोधतो, तेच हे. फक्त काकांना त्याचं नाव माहीत नव्हतं आणि त्यांना ते करताना मीटिंग लागली नाही.

मग त्यांनी सूर ओळखला. घूं ५० हर्ट्झची असेल तर बहुधा व्हॉल्व्हची फिलामेंट तापवणारी वायर गुन्हेगार, नाहीतर बाहेरून शिरलेली. १०० हर्ट्झची असेल तर एसीची डीसी केल्यानंतर जे कपॅसिटर तिला गुळगुळीत करतात ते वाळलेत. कारण रेक्टिफायर लाटेचा खालचा अर्धा भाग उलटा करून वर आणतो, त्यामुळे ५० चे १०० होतात. माझ्या अ‍ॅम्पची १०० ची होती. हे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरा की नुसते ठेवा, वयाबरोबर आतून सुकतातच. तपकीर गल्लीत जाऊन ४५० व्होल्टचे नवीन आणले, काकांनी बसवले, घूं गेली. (हे घरी करू नका. असल्या अ‍ॅम्पमध्ये वायर उपटल्यावरही कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. काकांनी आधी ते रेझिस्टर लावून रिकामे केले, मीटर लावून पाहिलं आणि मगच हात घातला.)

आता दुसरा इतिहास.

अमेरिकेत बऱ्याच वर्षांपर्यंत अ‍ॅम्पला दोनच पिना असत. अर्थिंग नाहीच. अ‍ॅम्पचा पत्र्याचा सांगाडा हवेत तरंगतोय म्हटल्यावर तो घुमणार. म्हणून कंपन्यांनी सांगाडा आणि विजेची एक बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर घातला आणि मागे एक खटका दिला. ज्या बाजूला घूं कमी, त्या बाजूला खटका ठेवा. फेंडरच्या जुन्या अ‍ॅम्पवर हा 'ग्राउंड'चा खटका अजून दिसतो. कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा. हिशोब करून बघा: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, म्हणजे त्यातून जेमतेम २ मिलिअ‍ॅम्पिअर वाहू शकतात. हाताला मुंग्या येतील इतकेच. पण हाच कपॅसिटर म्हातारा होऊन आतून शॉर्ट झाला, की भिंतीतले पूर्णच्या पूर्ण १२० व्होल्ट सांगाड्यावर. सांगाड्यापासून केबलच्या जाळीतून गिटारवर, आणि तिथून ब्रिजला जोडलेल्या वायरीतून थेट तारांवर. वाजवणाऱ्याच्या बोटांखाली! दुरुस्तीवाल्यांनी त्याला 'डेथ कॅप' हे नाव काही उगीच नाही दिलं.

तारा अशा सांगाड्याला जोडलेल्या असतात, त्याचं कारणही पुन्हा घूंच. आपलं शरीर खोलीतली घरघर गोळा करतं, आणि तारांना हात लागला की ती जमिनीत उतरते. करून बघा, तारांवर तळवा ठेवला की अ‍ॅम्प थोडा गप्प होतो. म्हणजे शांतता मिळवण्यासाठी वाजवणाऱ्याला सर्किटचाच एक भाग केलेला आहे. सर्किट धड असेल तोवर हे छान. बिघडलं आणि समोरचा मायक्रोफोन दुसऱ्याच यंत्रणेतून आलेला असला, की एका हातात गिटार, ओठ मायक्रोफोनला आणि मधे छाती.

डिसेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची गिटार मायक्रोफोनच्या स्टँडला लागली आणि तो स्टेजवर बेशुद्ध पडला. तो वाचला. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्झी इथे 'स्टोन द क्रोज'चा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर होता. हातात गिटार, आणि अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागला. तो वाचला नाही. वय २७. इंग्लंडमध्ये व्होल्टेज आपल्यासारखं, २४० च्या आसपास, अमेरिकेच्या दुप्पट. मे १९७६ मध्ये 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी, अर्थिंग धड नसलेल्या साधनावर गिटार वाजवताना गेला. वय ३३. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्लोरिडातल्या लेकलँडला 'किस'चा एस फ्रेली लोखंडी कठड्याला हात लावून कोसळला. सुदैवाने थोडक्यात निभावलं.

तिसरी पिन याच्यावरचं उत्तर आहे. सांगाडा जाड वायरीने जमिनीला जोडायचा. आत काही शॉर्ट झालं तर वीज माणसातून न जाता त्या वायरीतून धावते आणि फ्यूज उडतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकन अ‍ॅम्पवर ती यायला लागली. झालं, प्रश्न मिटायला हवा होता.

पण तिसऱ्या पिनने नवीनच घूं जन्माला घातली. अ‍ॅम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या, दोघांना आपापलं अर्थिंग, आणि मधे ऑडिओची केबल. झालं एक मोठं वर्तुळ. या वर्तुळात ५० हर्ट्झची वीज फिरायला लागते आणि केबलच्या जाळीतून सरळ आवाजात उतरते. याला ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकर घुमतो आणि काढला की थांबतो, हे तुम्ही घरीही अनुभवलं असेल, त्यात बरेचदा हेच असतं. हे वर्तुळ तोडायची सगळ्यात सोपी जागा कुठली? तिसरी पिन. तोडली की घूं तत्क्षणी बंद. एक रुपया खर्च नाही. बग गेला, तिकीट क्लोज.

कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्या साउंडवाल्याने हे माझ्या डोळ्यांदेखत केलं. पक्कड काढली, अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाड पिन पिळून उपटली, खिशात टाकली आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "आता बोला." अ‍ॅम्प खरंच गप्प झाला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. वरून पावसाळी मांडव गळत होता आणि गाणारा मुलगा अनवाणी होता, कारण स्टेजवर आधी दीपप्रज्वलन झालेलं. काही झालं नाही. नव्याण्णव वेळा काही होतच नाही, म्हणून तर पक्कड खिशात असते.

यात चिडायला होतं ते असं, की वर्तुळ तोडायला दुसरी, बिनधोक जागा आहे आणि ती कित्येक दशकांपासून माहीत आहे. वीज तोडायची नाही, सिग्नल तोडायचा. मधे एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घातला की आवाज चुंबकातून पलीकडे जातो, तांबं तांब्याला लागतच नाही. त्यावर 'ग्राउंड लिफ्ट' लिहिलेला खटका असतो. तो केबलची जाळी सोडवतो, प्लगची पिन नाही. नाहीतर त्याहून फुकट उपाय: सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवायची, म्हणजे वर्तुळ छोटं राहतं. आणि घरात घूंपेक्षा चरचर जास्त असेल तर आधी पंख्याचा फिरवायचा रेग्युलेटर बंद करून बघा. त्यातले काही लाटेचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा गिटारमध्ये ऐकू येतो.

भाड्याच्या घरात आणखी एक भानगड. तीन भोकांच्या सॉकेटमागे तिसरी वायर असेलच असं नाही. भोक आहे, मागे पोकळी. इलेक्ट्रिशियन बोलावून फेज आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या, २३०च्या आसपास यायला हवं. आणि मेन बोर्डावर ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी आहे का तेही बघा. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पूर्ण परत आली नाही, म्हणजे कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी छातीतून, गळतेय हे त्याला कळतं आणि तो क्षणात खाली पडतो. त्याच्यावर 'टेस्ट' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. बहुतेक घरांत ते बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेलं नसतं. आज रविवार आहे, दाबून बघा. घरातली वीज जाईल, राउटर बंद पडेल, आतून कुणीतरी ओरडेल. ओरडलं तर बटण चालतंय. काहीच झालं नाही तर मात्र उद्या ऑफिसला जायच्या आधी इलेक्ट्रिशियनला फोन करा.